बॅटरीचं प्रस्थान

शिवपुरी मागे पडली तशी माझी बोटं माझी राहिली नाहीत. धुक्यातून ग्वाल्हेरचा किल्ला वर आला, तेव्हा प्रवासी लोक जे म्हणतात त्यातलं काहीही मला सुचलं नाही. रस्ता संपत आलाय आणि क्लच दाबायला डावा हात तयार नाही, एवढंच कळत होतं. थंडी लागली की माझी बोटं खडूसारखी पांढरी पडतात आणि बराच वेळ त्यांच्यात जीव येत नाही. दुखणं जुनं आहे, पण पुण्यात त्याने काही अडत नाही. पुण्याची थंडी बहुतेक बोलण्यापुरतीच असते. ग्वाल्हेरची खरी असते, आणि तिच्यात मी मोटारसायकलवर बसून आपण होऊन शिरलो होतो.

खरं तर मी आग्रा-दिल्ली पाहायला निघालो होतो. वाटेत भोपाळला मेहुण्यांकडे थांबलो आणि फसलो. मध्यभारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या कपाटं-खुर्च्यांसकट ट्रकांत भरून तिकडे निघाल्या. त्यांच्याबरोबर मेहुणेही गेले. एका खोलीत चौघं राहायचे, खाणावळीत जेवायचे. आता त्यांना सरकारी क्वार्टर मिळालं होतं, पण महिनाअखेरपर्यंत कुटुंब आणून राहायला लागले नाहीत तर ते दुसऱ्याला जाणार होतं. कुटुंब म्हणजे माझी ताई. ती ग्वाल्हेरलाच अडकली होती, कारण तिचे सासरे आबा गाव सोडायला तयार नव्हते, आणि त्यांना एकटं टाकून ती निघू शकत नव्हती.

"तुम्ही तिकडे जाताच आहात," मेहुणे म्हणाले, "तर त्या दोघांना तेवढं आगगाडीत बसवून द्या."

तेवढंच. जणू दोन वळकट्या बसवायच्या होत्या.

ताईचं घर किला गेटजवळ. पोचलो तेव्हा आबा ओट्यावर शेगडीशी बसले होते. त्यांच्या घराण्याकडे दरबारची ज्योतिषकी होती. दरबार गेला, पंचांग राहिलं. अंगावर बंद गळ्याचा कोट, डोक्याला मफलर आणि बोलण्यात अशी अदब की नकारसुद्धा आग्रहासारखा वाटावा.

"या, वसंतराव. इतक्या थंडीत एकटेच आले? आधी चहा घेऊन घ्या. मग आराम करा. मग बोलू."

मग बेडई (डाळ भरलेली खमंग पुरी) आली, बटाट्याचा तिखट रस्सा आला, शेवटी गजक (तिळगुळाची खुसखुशीत वडी) आली. बोटांत जीव येईपर्यंत मी खात राहिलो आणि मग विषय काढला.

"जाणार ना," आबा म्हणाले. "मी कुठे नाही बोललो? पण पाहुणा घरात असताना घराला कुलूप लावायचं, अशी आमच्याकडे पद्धत नाही. आधी तुम्ही निघा. तुमच्या मागे आम्ही निघू."

"मग मी उद्याच भोपाळला परत निघतो," मी म्हणालो. आग्रा कुठे पळून जात नव्हतं.

आबांनी माझा हात हातात घेऊन बोटं पाहिली. "या हातांनी? या मौसमात? माझ्या सुनेच्या भावाला मी असा पाठवू?"

इथे मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मी म्हणालो की माझ्याकडे त्यावर उपाय आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात मला युद्धातल्या वैमानिकांच्या पोशाखातल्या तारा मिळाल्या होत्या, विजेने गरम होणाऱ्या. त्या हँडलच्या मुठींवर गुंडाळायच्या, बॅटरीला जोडायच्या, की हात गरम. सामान पिशवीतच होतं.

आबांचा चेहरा उजळला. "वा. मग त्या लागल्या की तुम्ही निघा."

ताई दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला. मला तेव्हा काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनीच मिस्त्री आणवला. नाव तात्या, मूळ घराणं साताऱ्याकडचं, पण साताऱ्याला गेल्याचं त्याच्या आजोबांनाही आठवत नसावं. "साहेब, चिंता नका करू," त्याने गाडीकडे न बघताच सांगितलं. "हे तर आपल्या डाव्या हाताचं काम आहे. बिलकुल पक्कं होऊन जाईल."

त्याने मुठींवर वैमानिकाच्या तारा गुंडाळल्या, वरून चामडं शिवलं, वायरी बॅटरीला जोडल्या. आम्ही दोघं मुठी धरून बसलो. शेजारपाजारचे जमले, त्यांनीही हात लावून पाहिले. बऱ्याच वेळाने मुठी कोमट झाल्याचा काहींना भास झाला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानाची वीज चोवीस व्होल्टची आणि माझ्या गाडीची सहाची. हे पुण्यात कळलं असतं तर पैसे वाचले असते, असं मी म्हणालो नाही, पण ताई म्हणाली.

तात्या डगमगला नाही. "शेगडीची तार लावून टाकतो ना." त्याने विजेच्या शेगडीचं एक जुनं वेटोळं आणलं, सरळ केलं आणि तोडलं. डाव्या मुठीला लांब तुकडा गेला, उजवीला तोकडा उरला. तार जितकी तोकडी तितकी जास्त तापते, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "चालून जाईल, साहेब. उजवा हात तसाही जास्त मेहनत करतो."

बटण मात्र त्याने लावलंच नाही. बंद करायची गरज काय, थंडी थोडीच बंद होते, हे त्याचं म्हणणं. संध्याकाळी दोन्ही मुठी तापल्या, आणि त्या रात्रभर ओट्याखाली कुणाचेही हात नसताना तापत राहिल्या. सकाळी बॅटरीत हॉर्न वाजण्यापुरतीही धुगधुगी नव्हती.

ती चार्ज होऊन आली बुधवारी. मी ती ओट्यावर ठेवली, आत जेवायला गेलो, हात धुऊन बाहेर येतो तर बॅटरी नाही.

"चिंता नका करू," आबा शेगडीशी बसून म्हणाले. "मी पलीकडे हजीऱ्याच्या मोहल्ल्यात पाठवून दिली, जाधवांच्या घरी. तुमचं प्रस्थान ठेवलं."

प्रस्थान म्हणजे काय हे नव्या वाचकांना सांगायला हवं. दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ (त्या दिशेला निघणं अशुभ), भोपाळ दक्षिणेला, म्हणून बुधवारी माझं प्रस्थान. सुपारी ठेवतात, उपरणं ठेवतात. आबांनी बॅटरी ठेवली, कारण प्रवासात जिच्यावाचून अडेल ती वस्तू उत्तम, असं त्यांचं शास्त्र.

"पण आबा, ती अजून जोडायची आहे. मी घेऊन येतो."

"असं कसं? प्रस्थानाची वस्तू परत उंबरठ्याच्या आत येत नाही. मग निघालेला माणूस वाटेतून फिरला असं होतं."

मी बराच वाद घातला. ते एकदाही चिडले नाहीत, म्हणून मी आणखी चिडलो. शेवटी गाडीच बॅटरीकडे न्यायचं ठरलं. इंजिन बॅटरीशिवाय चालतं, त्यामुळे हजीऱ्यापर्यंत जाता आलं. निघताना आबांनी सांगितलं की गाडीही आता प्रस्थानात सामील झाली, तिला परत आणू नका. आणि मी? मी त्या बॅटरीला हात लावणार होतो. आबांनी पंचांग चाळलं, क्षणभर डोळे मिटले आणि निर्णय दिला: प्रवासी जेवायला परत आला तर दोष नाही, फक्त पाय धुऊन आत यावं. तारा आणायला तात्या बाजारात गेला तर? उत्तरेला गेला तर चालेल. प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे तोड होती, फक्त कुणी ग्वाल्हेरातून बाहेर पडणार नाही अशी.

जाधव हे संस्थानच्या फौजेतले जुने सुभेदार. अंगण मोठं, माणूस दिलदार. अंगणात खाटेवर त्यांच्याकडच्या बायकांनी मंगोडी (मूगडाळीचे सांडगे) वाळत घातली होती. तिच्या शेजारी तात्याने पुन्हा दुकान मांडलं. या वेळी मी बटण त्याच्या हातात ठेवलं आणि ते लागेपर्यंत हललो नाही. सगळं जोडून झालं. वायर लोंबू नये म्हणून तात्याने ती उजव्या मुठीपासून खाली चौकटीपर्यंत ताणून घट्ट बांधली. काम दिसायला इतकं नेटकं होतं की मीही मान डोलावली.

मी गाडी सुरू केली आणि फाटकाकडे न्यायला हँडल डावीकडे वळवलं. ताणलेल्या वायरीने उजवी मूठ ओढली, मूठ पिळली गेली, आणि मूठ पिळली की गाडी वेग घेते. गाडी फाटकाकडे न जाता मंगोडीकडे गेली. खाट आडवी, मी तिच्यावर, मंगोडी अंगणभर. सुभेदारांनी मला उठवलं आणि म्हणाले, "लागलं तर नाही ना? मंगोडीची काळजी नका करू, ती तर खाण्यासाठीच होती."

मी घरी परतलो, पाय धुतले आणि आत गेलो. आबांना बातमी माझ्या आधी पोचली होती.

"निघतानाच अपशकुन," ते हळूच म्हणाले. "हे प्रस्थान मोडलं. आता नवा मुहूर्त शनिवारी सकाळचा. तोही टळला तर मग पुढच्या पंधरवड्यातच काही जमेल."

पुढच्या पंधरवड्याआधीच महिना संपत होता. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पोळपाटावर पोळी लाटत असलेल्या ताईलाही. मी तिथे संतापून काहीबाही बोललो. पाहुण्याने बोलू नये ते बोललो. आबा ऐकून घेत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "आधी संस्थान गेलं, वसंतराव. मग मध्यभारत पण गेला. आता तुम्ही लोक बोलता की मी पण जाऊ. थोडा वेळ तर लागेल ना."

ताई मला मागच्या अंगणात घेऊन गेली. "त्यांच्यावर ओरडू नकोस. तुझी थंडी, तुझ्या तारा, तात्याचं बटण, त्यांना सगळं चालतं. दिवस गेला म्हणजे झालं." ती पदराला हात पुसत राहिली. "पण हे क्वार्टर गेलं ना, तर मी पुन्हा निघणार नाही. मला माझं माहीत आहे. ते तिकडे म्हातारे होतील आणि मी इकडे."

शुक्रवारी मी हजीऱ्याला जाऊन वायर सैल बांधून घेतली.

शनिवारी सकाळी आबा आंघोळ करून सोवळ्यात देवघराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. देवघर रिकामं होतं. बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, शाळिग्राम नाही, समईसुद्धा नाही. ताई ओल्या केसांनी सोवळ्यातच बाहेरून आली.

"आबा, देवांचं प्रस्थान ठेवलं," ती म्हणाली. "जाधवांच्या घरी. मुहूर्त आजचाच होता, तुम्हीच काढलेला."

मी खांबाला धरून उभा होतो.

आबा रिकाम्या देवघराकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचे खांदे खाली आले. "कुणी नेले?"

"मी. सोवळ्यात नेले. वाटेत कुणाशी बोलले नाही."

"नैवेद्य?"

"दूधसाखरेचा दाखवला."

आबांनी खुंटीवरची शाल घेतली आणि अनवाणीच घराबाहेर पडले. मी मागोमाग गेलो. सुभेदारांच्या ओसरीवर, खाली उभ्या माझ्या गाडीसमोर, चौरंगावर देव मांडलेले होते. आबांनी तिथे बसून रोजच्यासारखी सावकाश पूजा केली, तीर्थ घेतलं, सुभेदारांना दिलं, मला दिलं. मग विचारलं, "भोपाळची गाडी किती वाजता असते?"

रविवारी पहाटे मी निघालो. बटण चाललं, वायर ओढली गेली नाही, आणि मुठी तात्याने केल्या तशाच वागल्या. उजवी पोळत होती, डावी नुसती असल्यासारखी होती. शिवपुरी, गुना, ब्यावरा करत मी भोपाळला पोचलो तेव्हा एका तळहाताला फोड आले होते आणि दुसऱ्या हाताची बोटं पांढरीफटक होती. मेहुण्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "ते निघाले का?" हातांचं नाही विचारलं. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

मागोमाग ती दोघं आगगाडीने उतरली. ताईच्या हातात बोचकी, आबांच्या छातीशी देवांचा डबा. क्वार्टरच्या दोन खोल्या, चुन्याचा ओला वास, आणि त्यात आबा देवघरासाठी पूर्वेची भिंत शोधत होते.

आग्रा-दिल्ली राहिली ती राहिलीच. पुण्याला परतताना वाटेत मी सगळ्यांवर चिडून घेतलं: तात्यावर, दिशाशूळावर, स्वतःच्या शहाणपणावर. ताईने आबांना त्यांच्याच नियमात पकडलं असं मेहुणे कौतुकाने सांगत सुटले होते, आणि घाटापर्यंत मलाही तसंच वाटत होतं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. ज्या माणसाने बॅटरीला हात लावलेल्या पाहुण्याच्या जेवणासाठी तोड काढली, तात्याच्या बाजारासाठी काढली, त्याला आपल्या देवांसाठी एखादी सापडली नसती का? चार गल्ल्यांवर होते देव. पंचांग तिथेच कोनाड्यात होतं, हाताच्या अंतरावर. त्या सकाळी आबांनी ते उघडलंच नाही.