चौकशीला आलेली माणसं

माझ्या थोरल्या भावाचं रक्त लवकर गोठायचं नाही. जरा कुठे धडकला की गुडघा टम्म सुजायचा. मग मुंबईच्या इस्पितळात रक्तापासून बनवलेल्या औषधाचं इंजेक्शन दिलं की तो पुन्हा चालू लागायचा. एका वर्षी मात्र त्या इंजेक्शनांनंतर त्याला कावीळ झाली आणि ती यकृतात ठाण मांडून बसली. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल. दादा म्हणायचा, नारपोली नाक्यावरची भजी तर कारखान्यातली माझी सगळी शिफ्ट खाते, पिवळा मी एकटाच कसा?

पुढे कळलं, ते औषध घेतलेल्या आणखी काही जणांना कावीळ झाली होती. सरकारने चौकशी समिती नेमली. गुडघा सुजल्यामुळे दादाला तेव्हा चालता येत नव्हतं, म्हणून समिती घरीच येणार होती. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मीच, त्यामुळे निरोप माझ्याकडे आला. मी आईला एवढंच सांगितलं, ‘रविवारी चौकशीला माणसं येणारेत.’

आई वळ गावची. तिच्या गावी चौकशीला येणं म्हणजे आजाऱ्याला भेटायला येणं. तिने शेजारच्या चाचींकडून फुलाफुलांचे कप आणले, पोहे भिजवले, दादाला दाढी करायला लावली. दादाच्या सगळं लक्षात आलं होतं, पण त्याला मजा वाटत होती. “मुलगी दाखवायला येतायत काय गं?” असं त्याने मला हळूच विचारलं.

समितीतर्फे एक डॉक्टरबाई आणि लिहून घेणारे एक गृहस्थ आले. बाईंनी विचारलं, मुलाची तब्येत कशी आहे?

“बरी हाय,” आई हसून म्हणाली. “काय तरास न्हाय.”

भेटायला आलेल्यांपुढे रडगाणं गायचं नाही, ही तिची रीत. गृहस्थांनी ते लिहूनही घेतलं. दादाचं जे झालं ते आज कागदावर आलं नसतं, तर पुन्हा कोण विचारणार होतं? अडखळत मी म्हटलं, “आई, ही तशी चौकशी नाही. त्या औषधाने काय झालं, ते विचारायला आलेत.”

आईने हातातला ट्रे खाली ठेवला.

“मग आधी सांगायचं ना गं, शिकलेली!” मग ती त्या गृहस्थांकडे वळली. “भाऊ, ते बरी हाय खोडा.”

दादा इतका हसला की त्याला गुडघा धरावा लागला. आई पदर खोचून खाली बसली आणि तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. गृहस्थ तिचं बोलणं शुद्ध करून लिहायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. जसं बोलतायत तसंच घ्या, म्हणाल्या.

शेवटी बाईंनी जबाब वाचून दाखवला. “माज्या पोराचं डोळं हळदीवानी पिवळं झालं. भजी तर समद्यांनीच खाल्ली, पिवळा ह्यो एकटाच झाला. त्याला औषधानंच आजार दिला.”

सकाळपासून थट्टा करणारा दादा सरळ होऊन बसला. मग म्हणाला, “मॅडम, परत एकदा वाचता?”

बाईंनी परत वाचलं.