सुपारीचं खांडसुद्धा नाही

आनंदराव टिपणीस, वय सदुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व, यांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घातलेलं नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमची आणि त्यांची ओळखच नाही असं समजा. लग्नाच्या बोलण्यांत त्यांनी हे सुहासिनीबाईंना ऐकवलं, आणि पुढं चाळीस वर्षं जिथं म्हणून विडा पुढं आला तिथं ऐकवतच राहिले. माणसाला कशाचा ना कशाचा माज असतो. टिपणिसांना निर्व्यसनीपणाचा होता.

नोकरी कल्याणच्या एका सरकारी कचेरीत, नकला विभागात. जुन्या कागदांच्या नकला मुळाशी ताडून पाहायच्या आणि खाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का मारायचा. दफ्तरं आणून द्यायला शहाडचा देवराम भोईर हा शिपाई. देवरामच्या खिशात पत्र्याची एक डबी असे. तासा-दोन तासांनी त्यातलं चिमटीनं काहीतरी काढून तो गालात धरायचा आणि डबी टिपणिसांपुढं करायचा, "घ्या सायेब." टिपणीस खुर्ची मागं सरकवत. "लांब ठेव रे ते विष!" डबीत डोकावून मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही.

टिपणिसांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना देवराम गालाच्या कॅन्सरनं गेला. कचेरीतल्या शोकसभेला त्याची बायको रमाबाई आणि मुलगा नयन पुढच्याच खुर्च्यांवर बसले होते. टिपणीस बोलायला उठले. "देवराम गुणी माणूस. पण त्या डबीनं त्याला खाल्लं. हे मरण टाळता आलं असतं." एवढ्यावर थांबतील तर ते टिपणीस कसले! मेलेल्या माणसाच्या सभेत ते स्वतःच्या सुपारीच्या खांडावर आलेच. लोकांनी माना डोलावल्या.

यंदा संक्रांतीनंतर टिपणिसांचा घास अडकायला लागला. ठाण्याला, खोपटच्या डेपोजवळच्या एका हॉस्पिटलात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर. पण रोगापेक्षा त्यांना लागला तो फॉर्मवरचा प्रश्न. "तंबाखू किती वर्षं?" तीन जणांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ते बसक्या घशानं ओरडले, "निर्व्यसनी लिहा! कागदावर लिहा!"

"लिहिलंय काका," डॉक्टर ऋजुता म्हणाल्या. वयानं लहान, पण स्वभावानं शांत बाई. "असं बघा, शरीरात जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात, म्हणजे नकलाच. जन्मभर ते काम चालू असतं आणि अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. तुमच्या वयाच्या ठणठणीत माणसाच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं तरी निम्म्याहून जास्त पेशींत असे बदल निघतील. बहुतेकांनी काही बिघडत नाही. एखादीत नको त्या चुका एकत्र जमतात आणि ती वाढत सुटते. तंबाखूनं, दारूनं चुका वाढतात, हे खरंच. पण काहीही न खाता-पिताही होतं. वय असतं, आणि नशीब."

"ताडून बघायला कोणी नसतं?"

"असतं ना. पण सगळ्याच चुका सापडत नाहीत."

हे टिपणिसांना कुणी शिकवायला नको होतं. नकलेत एकदा काना गळला की पुढची प्रत्येक नक्कल बिनकान्याची, आणि वर शिक्का खरेपणाचा.

पण नातेवाइकांना नशीब पुरत नाही, गुन्हा लागतो. भेटायला येणारे "एवढे निर्व्यसनी, आणि..." म्हणून वाक्य अर्धं सोडत आणि जिन्यात ते पुरं करत. "आतून काहीतरी असणारच हो. उगाच होतं का?" एका दुपारी सुहासिनीबाईंनीच भीत भीत विचारलं, "अहो, खरं सांगा. ऑफिसात कधी...?" चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोनं! टिपणीस भिंतीकडं तोंड करून रडले.

त्याच आठवड्यात रमाबाई आल्या. शहाळं ठेवलं, समोर बसल्या.

"सायेब, तुमी तंबाखू खायचात काय?"

"नाही हो! देवाशपथ नाही."

"मना पटतं," रमाबाई म्हणाल्या. "यांनी पन कदी नाय खाल्ली."

टिपणिसांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आणि ती डबी?"

"लवंगा असायच्या. दाढ दुखायची यांची. तुमाला पन द्यायचे ना?"

टिपणीस मग म्हणाले, "त्या सभेत का नाही बोललात?"

"कोनाला पटलं असतं? तुमी बोललात म्हंजे शिक्काच. माज्या नयनला पन पटलं. बापानं आपल्या हातानं मरन ओढवलं, बोलतो. अजून फोटोला हार घालत नाय."

टिपणीस उशीवरून उठायला धडपडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची मनापासून किळस आली. "नयनला पाठवा माझ्याकडं. मी सांगतो त्याला. माझी चूक झाली, मी सांगतो!"

रमाबाईंनी पदर सावरला आणि उठल्या.

"तुमचं आता कोन ऐकनार, सायेब?"