मेडिकलचे पेढे

चंडीगढला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. रजया आणि किस्से. परतीची बदली झाली की रजया वाटून टाकता येतात. किस्से कोणी घेत नाही, कारण ज्याला द्यावेत त्याच्याकडे स्वतःचेच गाठोडंभर असतात!

तेव्हा बसा. चहा येतोय. माझी बायको तुम्हाला सांगेल की माझे किस्से दर वर्षी थोडे वाढतात. मुलंही दर वर्षी वाढतात. त्यांना कोणी खोटं म्हणत नाही.

तर त्या काळात देशात रोज नवी कंपनी येत होती आणि रोज नवा कोर्स निघत होता. सेक्टर चौतिसात प्रत्येक जिन्यावर एक क्लास. पोरगं चुकीचा जिना चढलं की आयुष्यच वेगळं! तिथल्या मराठी मंडळाच्या सभेत ठरलं, आपल्या मुलांना दिशा दाखवायची. दर रविवारी सकाळी, आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, करिअर मार्गदर्शन. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे खांबेटे सर अध्यक्ष. मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टर गद्रेबाई सदस्य. आणि तिसरा मी.

"तुम्ही कसलं डोंबलाचं मार्गदर्शन करणार?" बायकोनं विचारलं.

म्हटलं, "चुकीच्या लाइनला गेलेला एक माणूस नमुना म्हणून समोर असलेला बरा!"

*

मराठी लोक अभ्यासात हुशार, अशी तिकडे एक अफवा आहे. त्यामुळे पहिल्याच महिन्यात पंजाबी शेजारीही यायला लागले. शेजारच्या ब्लॉकमधल्या ग्रेवाल आंटी धाकट्या मुलासाठी आल्या. खांबेटे सर पुण्याहून नुकतेच आलेले. घराण्याची माहिती घेतल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत.

"पहले बड़े बेटे का बताइए. वो कहाँ है?"

"बड़ा ते जी बाहर है."

सर म्हणजे सौजन्याचा पुतळा. एवढ्या थंडीत मुलगा दारात उभा! ते उठले, दार उघडलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दार लावून परत आले आणि शांतपणे म्हणाले, "बाहर तो कोई नहीं है."

आंटी पांढऱ्याफटक पडल्या. "हाय रब्बा! कल ही तो फोन आया था टोरंटो से!"

तेव्हापासून कोणी ‘बाहर’ म्हटलं की सर आधी देश विचारत.

*

गद्रेबाईंचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. आणि मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, तर हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. बाईंना यातलं पहिलंच माहीत.

एक हरियाणवी गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा बारावीला जेमतेम पास. बाईंनी ओळख करून दिली, "मैं यहाँ हॉस्पिटल में बीस साल से संशोधन करती हूँ."

गृहस्थांचा चेहरा उजळला. मुलाला त्यांनी बाहेर पाठवलं (आपल्यातल्या बाहेर!), खुर्ची पुढे ओढली आणि पिशवीतून मार्कशीट काढून बाईंसमोर सरकवलं.

"तो मैडम जी, इसमें भी थोड़ा-सा कर दो!"

*

आता कदम. सांगलीकडचे, सरकारी कंपनीत, बदलीवर आलेले. स्वभाव असा की लिफ्टमध्येसुद्धा मजला दुसऱ्याला विचारून ठरवतील. त्यांची मुलगी अश्विनी अकरावीला गेली.

इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे अकरावीला सायन्स असतं. चंडीगढला तसं नसतं. जीवशास्त्र घेतलं की मुलगी ‘मेडिकल’ला, गणित घेतलं की ‘नॉन-मेडिकल’ला. सगळे तसंच बोलतात, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

कदमांनी एसटीडी बूथवरून गावी वडिलांना फोन लावला. त्यांचे वडील आबा, सोसायटीचे माजी चेअरमन. फोन शेजाऱ्याकडे, लाइनीत खरखर, बूथमध्ये मीटरचे लाल आकडे पळतायत.

"आबा, अश्विनीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली!"

तिकडून आबा ओरडले, ते कदमांना नाही, गल्लीला. "पोरगी डाक्टर झाली रं!"

"आबा, तसं नाही, इथं अकरावीला..."

लाइन कट. कदम म्हणाले, उद्या परत करू. दुसऱ्या दिवशी फोन लावेपर्यंत आबांनी गावभर पेढे वाटले होते. माजी चेअरमनने वाटलेले पेढे परत कसे मागणार? कदम गप्प बसले. एक महिना बसले, मग एक वर्ष बसले.

*

अश्विनी आमच्याकडे आली ती बारावीत. एकटीच. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच.

"अंकल, मुझे डॉक्टर नहीं बनना."

"का गं? रक्त बघवत नाही?"

"ब्लड ठीक है. पेशंट बोलता रहता है, यार! कराहता है, रोता है, मुझे कुछ सूझता नहीं. टेस्ट ट्यूब चुप बैठती है."

खांबेटे सरांनी तिची रीतसर चाचणी घेतली. निकाल स्वच्छ. केमिस्ट्री. मुलीचंही ठरलेलं, आधी बी. फार्म. आणि पुढे मोहालीला, सेक्टर सदुसष्टात औषधांची मोठी संस्था आहे, तिथे. नवी औषधं शोधायची.

"उत्तम! अडचण काय?"

"आबा," ती म्हणाली. पहिला मराठी शब्द. मग डोळे भरून आले. "वो पूरे गाँव में मुझे डॉक्टर बोलते हैं. मैं बोलूँगी तो उनकी नाक कट जाएगी. और पापा बोलते नहीं."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी गद्रेबाईंकडे. करिअर सांगणं सोपं हो. आबांना सांगणार कोण? आम्ही तो विषय पुढच्या रविवारवर ढकलला. असे बरेच रविवार ढकलले.

*

मधल्या काळात कॉम्प्युटरची लाट आली. सोधी अंकल मुलाला कान धरून घेऊन आले.

"सर जी, नालायक है. क्लास की फीस भरी, और पूछो तो बोलता है, सी प्लस प्लस कर रहा हूँ."

खांबेटे सर खूश झाले. "अरे वा! ये तो बहुत अच्छा है!"

"क्या अच्छा है जी? दो प्लस लगाके भी सी का सी! इसकी बहन का तो सीधा ए आता था!"

*

आणि बँकेतले नेने. वयाच्या बावन्नाव्या वर्षी व्हीआरएस घेऊन घरी बसलेले. पण मार्गदर्शनाला आल्या त्या नेनेवहिनी, यांना पुढे घालून.

"भावोजी, यांना एखादी लाइन सांगा. दिवसभर घरात असतात. काल मला डाळीचे डबे अकारविल्हे लावून दिले. मी तीस वर्षं त्या ओट्यापाशी उभी आहे, आता मला तूरडाळ सापडत नाही!"

"चवळी आधी, मग तूर, मग मूग," नेने म्हणाले. "सिस्टीम आहे ती."

"बघा!"

सरांनी नेन्यांचीही चाचणी घेतली. कागदावरून नजर न काढता निकाल वाचला, "यांनी बंद खोलीत बसू नये. यांना बाहेरचं काम मानवेल."

वहिनी सावरून बसल्या. "सर, बाहेरचं म्हणजे आपल्यातलं बाहेर, की इथलं बाहेर?"

"का हो?"

"इथलं असेल तर पासपोर्टला टाकते!"

*

अश्विनीच्या बारावीच्याच डिसेंबरात, धुकं पडलेलं असताना, आबा आले. पटका, धोतर, अंगात कदमांचा ऑफिसचा स्वेटर. आणि काखेत एक भलीमोठी पिशवी. पिशवीत अर्ध्या गावाचे एक्स-रे!

कदमांनी काय करावं? ते आबांना थेट रविवारी आमच्याकडे घेऊन आले. मागे अश्विनी, तोंड एवढंसं झालेलं. इतक्या वर्षांत मार्गदर्शनाला आलेला सगळ्यात मोठा विद्यार्थी तो.

आबांनी एक्स-रे काढून खिडकीसमोर धरला. धुक्यात काही दिसेना. "ऊन कुठं ठिवलंय वं तुमी लोकांनी?" म्हणाले. मग नातीकडे वळले, "हा शिरप्याचा गुडगा. जिना चढताना वाजतोय. सांग बरं, काय करायचं?"

अश्विनी एक्स-रे हातात धरून उभी. उलटा धरलाय हे गद्रेबाईंना दिसत होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

खांबेटे सर खाकरले. "आबासाहेब, प्रत्येक पाल्याची अभिक्षमता ही भिन्न असते."

"मराठीत सांगा की."

"हे मराठीच आहे."

"मग हिंदीत सांगा!"

सर खाली बसले. गद्रेबाई पुढे झाल्या. "आबा, डॉक्टर गोळी लिहून देतो. ती आणता कुठून?"

"मेडिकलातनं."

"तेच की आबा!" कदमांना एकदम कंठ फुटला. "मेडिकललाच आहे ती!"

"म्हंजे दुकान टाकणार?"

"दुकान नाही हो," बाई म्हणाल्या. "दुकानात जी गोळी येते, ती ही शोधून काढणार."

"का? हरवलीय?"

मला हसू आवरेना, म्हणून चहा बघायला आत गेलो. परत आलो तेव्हा अश्विनीनं एक्स-रे टेबलावर ठेवला होता आणि ती आबांच्या पायाशी सतरंजीवर बसली होती. जन्मात पहिल्यांदा ती सलग मराठी बोलत होती, अडखळत.

"आबा, मी डॉक्टर नाही झाली. होणार पण नाही. पापा फोनवर बोलले ना, ते दुसरं मेडिकल होतं. मला माहीत होतं, मी बोलली नाही."

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "पेढे वाटल्यात मी, पोरी."

"हो. पण आबा, डॉक्टर एका टायमाला एक पेशंट बघतो. शिरपाकाकाला बघेल, तर बाकी सगळे बाहर बसणार. मी गोळी बनवली ना, तर पूर्ण गाव एका दिवशी खाणार."

आबांनी पिशवी पुढ्यात ओढली आणि आत वाकून बघितलं.

"पुरं गाव?"

"पक्का."

आबा उठले. पटका बांधला. आम्हा कोणाकडे न बघता कदमांना म्हणाले, "चल, फोन लाव."

आम्ही सगळेच बूथवर गेलो. मीटर पळायला लागलं. आबा रिसीव्हरमध्ये ओरडले, "शिरप्या हाय का रं तिथं? त्येला सांग, अश्विनी डाक्टर न्हाई! डाक्टर ज्यांच्या जिवावर जगत्यात, त्यातली हाय! आन् पेढे आता परत वाटायचं न्हाईत, त्याच पेढ्यात धरा म्हनावं!"

लाइन कट झाली. या वेळी कोणालाच परत लावायची घाई नव्हती.

पुढच्या डिसेंबरात अश्विनी बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला होती. आबा परत आले. तोच पटका, तोच स्वेटर, काखेत तीच पिशवी, या वेळी जरा हलकी. अश्विनीनं भीतभीत ती माझ्या टेबलावर उपडी केली. एकही एक्स-रे नाही. नुसत्या चिठ्ठ्या, अर्ध्या गावाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या. सगळ्यात वरची आबांची स्वतःची.

ती आबांकडे बघायला लागली.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "घाई न्हाई पोरी, सावकाश बनव. फकस्त माझी तेवढी कडू नको करू!"