पाणबुडीला वाहिलेला झेंडू

ऑक्टोबरात तोडलेल्या झेंडूला इथे थोडा कडवट, ओलसर वास येतो. दहिवराने फुलं काळी पडतील या भीतीने आम्ही ती आदल्या संध्याकाळीच खुडून घेतो, आणि रात्रभर घरात तो वास रेंगाळत राहतो. त्या शनिवारी सकाळी आमच्या श्रूजबरी गावाहून समुद्राकडे निघालो तेव्हा मागच्या सीटवर आमच्याच अंगणातल्या झेंडूची टोपली होती आणि तिच्या शेजारी माझी लेक मित्रा ओठांतल्या ओठांत भाषण घोकत बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपल तांबूस झाले होते, ऊन कोवळं होतं, आणि अशा प्रसन्न सकाळी आपण संतापणार आहोत याची मला कल्पनाही नव्हती.

परदेशात आमचे सण पंचांगाने येत नाहीत, शनिवाराने येतात. दसराही तसाच आला. मराठी मंडळाचे वसंतकाका पुण्याचे निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. यंत्र दिसलं की त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो. दरवर्षी ते गॅरेजमधल्या गाड्या, बर्फ उपसायचं मशीन, लॅपटॉप अशा सगळ्यांना हळदकुंकू वाहतात. मुलं हसतात, आणि काका मुलांना हसू देतात. यंदा त्यांना किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली छोटी जर्मन पाणबुडी ठेवल्याचं कळलं आणि यंत्रपूजा तिथेच करायचं ठरलं. त्यांनी आमच्याकडून फुलं मागवली ती ‘सजावटीला’ म्हणून, आणि पाणबुडीचा इतिहास मुलांना मराठीत सांगायचं काम मित्राला दिलं, कारण मंडळातल्या मुलांपैकी या कामाला ‘हो’ म्हणणारी ती एकटीच होती.

आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. नागपुरात माझी आई या दिवशी पांढरी साडी नेसून पंचशील म्हणायची, आणि शस्त्रं टाकून देणाऱ्या राजाची गोष्ट आम्हाला दरवर्षी नव्याने ऐकवायची. तरीही काकांच्या यंत्रपूजेला मी आजवर कधी नाक मुरडलं नाही. काकूंनी माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून आणले होते, आणि गाडीच्या बॉनेटवर वाहिलेल्या फुलाशी माझं काय भांडण असणार?

पण मित्राने पाणबुडीबद्दल वाचायला घेतलं, आणि एका संध्याकाळी जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला. जर्मनी हरू लागल्यावर घाईघाईने बांधलेल्या या बोटी. आत जेमतेम दोन माणसं, एकामागे एक, पाठ टेकायलाही पुरेशी जागा नाही, बाहेर दोन्ही अंगांना टॉर्पेडो. अशा डबीत दिवसचे दिवस जागं राहायचं, तर माणसाला झोप येता कामा नये. म्हणून झोप पळवणारी गोळी हवी होती, आणि ती आधी कोणावर तरी करून पाहायला हवी होती. बर्लिनजवळच्या एका छळछावणीत बुटांचे तळवे किती टिकतात हे पाहण्यासाठी कैद्यांना खडी, वाळू, सिमेंट अशा वेगवेगळ्या जमिनींवरून चालवत. त्याच वाटेवर त्यांना ती गोळी देऊन, पाठीवर ओझी लादून, झोपू न देता चालवलं गेलं. कोसळेपर्यंत. मित्राने मान वर करून मला विचारलं, “आई, यू डू ड्रग ट्रायल्स. डिड एनीवन आस्क देम?”

मी नव्या औषधांच्या चाचण्यांचंच काम करते. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय, त्याने मनापासून होकार दिल्याशिवाय आम्ही त्याला एक साधी गोळीही देत नाही. अर्ध्यावर ‘नको’ म्हणाला तर त्याच क्षणी थांबतो. हे सगळे नियम कुणाच्या पायांनी चालून आले आहेत हे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. मी तिला एवढंच म्हटलं, “नाही. कोणीच विचारलं नाही.”

संग्रहालयाच्या शेडमध्ये वंगणाचा आणि गंजाचा थंड वास कोंडला होता. पाणबुडी खरंच लहान होती, आमच्या मंडळाच्या पंगतीहून आखूड, करडी, गुळगुळीत. पाटीवर तिची लांबी होती, वजन, वेग, पल्ला, सगळं होतं. चालणाऱ्यांबद्दल एक अक्षरही नव्हतं. रंगाला हात लावणार नाही या बोलीवर काकांनी तिथल्या माणसाकडून परवानगी काढलीच होती. त्यांनी पाणबुडीपुढच्या कठड्याला माझ्या झेंडूची माळ बांधली, कागदी बशीत हळदकुंकू ठेवलं, उदबत्ती मात्र नियमामुळे खिशातच राहिली. मग मित्राजवळ येऊन हळूच म्हणाले, “बेटा, ते प्रिझनर्सचं आज स्किप कर हं. सणाचा दिवस आहे, छोटी मुलं आहेत. इंजिनियरिंगवर फोकस ठेव.”

मित्राने माझ्याकडे पाहिलं. तिने तो परिच्छेद तीन वेळा मराठीत लिहून काढला होता, ‘कोसळेपर्यंत’ हा शब्द शिकून घेतला होता.

“काका, ते स्किप केलं तर हिस्टरी उरते कुठे?” मी म्हटलं.

“अगं, पण मशीनचा त्यात काय दोष?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोष द्यायची वेळ आली की यंत्र निर्जीव, आणि हार घालायची वेळ आली की त्याच्यात देव, हा कुठला न्याय? वेल्डिंगचे सांधे किती सुबक आहेत हे पाहायला आपल्याला डोळे आहेत, आणि ज्यांच्या पायांची सालं निघाली ते मात्र सणाला अशुभ. पिढ्यान्‌पिढ्या हेच तर ऐकत आलो आहोत आम्ही: देऊळ पाहा, दगड वाहणाऱ्याचं आज नको. काका दुष्ट नाहीत, आणि हेच मला जास्त झोंबत होतं. चांगल्या माणसांच्या ‘आज नको’खाली किती माणसं गाडली गेली असतील याचा हिशेब कोण ठेवणार? हे मी त्यांना बोललेही असते. पण तेवढ्यात मित्राने बोलायला सुरुवात केली होती.

तिने लांबी सांगितली, वजन सांगितलं. काकांनी मान डोलावली. मग अडखळत, क्रियापदं चुकवत, तिने पुढचंही सगळं सांगितलं. खडी. वाळू. सिमेंट. ओझं. कोसळेपर्यंत. “त्यांना कोणी विचारला नाही,” ती म्हणाली, आणि तिची चूक सुधारायला कोणी पुढे आलं नाही. काका चष्मा पुसत राहिले. कुणीतरी आपल्या पोराला पाणी पाजायला बाहेर नेलं.

पूजा व्हायचीच होती. काकांनी टोपलीतून मूठभर फुलं घेऊन कठड्यावर वाहिली, पण नेहमीचा मंत्र त्यांनी मनातच म्हटला असावा, ऐकू काही आला नाही. मित्राने उरलेली टोपली उचलली. मला वाटलं, ती परत गाडीत ठेवेल. ती दाराकडे गेली, गुडघे टेकून बसली, आणि सगळे जिथून चालत आत आले होते त्या सिमेंटच्या वाटेवर तिने झेंडू मांडला, आडवा, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत.

निघताना मंडळी दाराशी अडली. वाहिलेल्या फुलाला पाय लागू द्यायचा नाही हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. ज्यांना ते ऐकायचं नव्हतं तेही साड्या-ओढण्या सावरत, मुलांचे दंड धरत, भिंतीला अंग घासत, एकेक करून कडेने बाहेर पडले. वसंतकाका सर्वांत शेवटी राहिले. त्यांनी खाली पाहिलं, मग वाकून पायांतले बूट काढले, हातात घेतले आणि त्या गार सिमेंटवरून मोज्यांनी, फुलांच्या कडेकडेने, फार सावकाश चालत गेले.

माझा राग काही निवला नाही. घरी परतेपर्यंत मी स्टिअरिंग घट्ट धरून होते. फुलावर पाय देऊ नये एवढं आम्हाला कळतं, मला वाटत राहिलं, फक्त आधी कोणाला तरी तिथे फूल ठेवावं लागतं. मागे मित्रा रिकाम्या टोपलीवर हात ठेवून झोपली होती, आणि तिला जागं करायला नको म्हणून मी घराच्या दाराशी बराच वेळ गाडी तशीच उभी ठेवली.