भाभींनी आधी नाव घ्यावं

"नवरा तरी आहे का तुला, की असाच कुणाचा हात धरून आलीस?"

हवालदारानं हे सगळ्यांदेखत विचारलं. मी त्याच्या टेबलासमोर उभी. माझ्यामागे मे महिन्याच्या उन्हात उकिडव्या बसलेल्या पंधरा-वीस बाया. सगळ्या माझ्यासारख्याच. कुणी धुणी-भांडी करणारी, कुणी फरशी पुसणारी, कुणी पोरं सांभाळणारी. आणि टेबलाच्या बाजूला, मांडवाच्या सावलीत, सोसायटीच्या बायका खुर्च्या टाकून बसलेल्या. त्यांच्यासाठी पंखा लावला होता. बंगल्यातून वायर ओढत आणली होती त्याच्यासाठी.

प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी बावीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. धुळ्याकडून इकडे गुजरातेत आलो होतो. नवागामला एका खोलीत आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासू. नवरा पांडेसऱ्याला, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. मी रोज सकाळी शटल रिक्षात कोंबून या सोसायटीत कामाला यायची.

सोसायटीत चोरी झाली होती. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले लोक लग्नाला गेले आणि मागे कुणीतरी कपाट फोडलं. झालं! दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली. सुरक्षेसाठी सगळ्या कामवाल्यांची नोंद होणार. दोन फोटो, अंगठा, गावाचा पत्ता, नवऱ्याचं नाव. मग एक कार्ड मिळणार. कार्ड नाही तर गेटच्या आत पाय नाही, आणि वर पोलीस चौकशी करणार, की बाई, तू कार्ड का नाही काढलं?

म्हणून मी आले होते. फोटो काढले होते, नवं लुगडं नेसून. अंगठा द्यायची गरज नव्हती, मला सही येत होती. त्याचीही आत कुठंतरी ऐट होती मला. आणि हवालदारानं विचारलं, "धणीनुं नाम?" नवऱ्याचं नाव.

मी गप्प.

आता हे समजून घ्या. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "नवरानं नाव तोंडवर लेवानं नही, बाई. त्यानं आयुष्य कमी व्हस." हसू नका. या नोंदणीच्याच महिन्यात मिलमध्ये जेट मशीनचं झाकण उडालं होतं. यांच्या शेजारी उभा असलेला माणूस वाफेनं भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. हे दोन हात लांब होते म्हणून वाचले. तेव्हापासून रोज ते घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. कशानं काय होईल याचा नेम नाही, तर मी कशाला तोंडानं नाव काढू?

आणि गावाकडे यात अडचण काहीच नसायची. मतदार यादीवाला आला, तलाठी आला, की शेजारची बाई सांगून टाकायची. तिला विचारलं की हिनं सांगायचं. सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मी मागे वळून वत्सलाबाईकडे बघितलं. ती आमच्याच गल्लीतली. ती लगेच उठली, "साहेब, मी सांगते, तिच्या—"

"तने पूछ्युं? बेस नीचे." तुला विचारलं का, बस खाली.

ती बसली. तेव्हाच त्यानं मला तो हात धरून आल्याचा सवाल केला. खुर्च्यांवरच्या बायका हसल्या. सगळ्या नाही. पण हसल्या.

मला वाटलं, आता भाभी बोलतील. मी ज्यांच्याकडे तीन वर्षं काम करत होते त्या भाभी पहिल्याच खुर्चीत होत्या. त्यांचे मिस्टर सोसायटीचे सेक्रेटरी. ही नोंदणी त्यांनीच काढलेली. भाभींना माझ्या नवऱ्याचं नाव माहीत होतं. चांगलं माहीत होतं. त्यांचा फ्रिज वरच्या मजल्यावर चढवायला हेच गेले होते एका रविवारी, आणि "सुकलालभाई, जरा डाबी बाजू, जरा जमणी बाजू" असं डावीकडे-उजवीकडे करत त्यांनी अर्धा तास नाव पुकारलं होतं.

आणि प्लेगच्या वेळचं सांगते. सगळी सोसायटी दोन दिवसांत गाड्या भरून पळाली. आम्हीही पळालो असतो, पण स्टेशनवर अशी झुंबड की म्हातारीला घेऊन शिरणंच शक्य नव्हतं. भाभींनी जाताना चावी माझ्या हातात दिली. तुळशीला पाणी घाल म्हणाल्या. मी तोंडाला फडकं बांधून नवागामहून चालत यायची, कारण रिक्षा बंद. रिकाम्या बंगल्यात एकटी. कपाटाला किल्ली तशीच लटकत होती. मी तुळशीला पाणी घालायची आणि निघायची. परत आल्यावर चमचासुद्धा इकडचा तिकडे नव्हता. तेव्हा मी चांगली होते, तेव्हा माझा फोटो कुणी मागितला नाही.

भाभी बोलल्या. काय बोलल्या? हसत हसत हवालदाराला म्हणाल्या, "आ लोको नाम सीधुं न बोले, गाईने बोले." हे लोक नाव सरळ घेत नाहीत, गाऊन घेतात. मग माझ्याकडे वळून, "बोल ने, पेलुं बोल ने, मने संभळावेलुं ते." म्हण ना, मला ऐकवलेलं ते.



एकदा त्यांच्या ओट्यावर भाकरी थापताना मी त्यांना माझा उखाणा ऐकवला होता. त्यांनी आमच्याकडची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खायची हौस केली होती. दोघीच होतो. लग्नात घास भरवताना मी घेतलेला उखाणा. त्या एवढ्या हसल्या, एवढ्या गोड म्हणाल्या, की मला वाटलं, ही माझी मोठी बहीणच. ते माझं घरचं, माझ्या लग्नातलं, आणि बाईनं ते चव्हाट्यावर मांडलं.

"गा, गा!" हवालदारानं पेन खाली ठेवलं. खुर्चीत मागे रेलला. "गाशील तर कार्ड. नाही तर लिहितो, नाव लपवते."

काय करणार? मी घेतला. खाली मान घालून, फोटो काढायला नेसलेल्या लुगड्याचा पदर मुठीत धरून.

"कळण्याची भाकर, त्यावर भरताची गोडी,
सुकलालरावांचं नाव घेते, सुखी आमची जोडी."

टाळ्या पडल्या. "वन्स मोर!" कुणीतरी पुरुष ओरडला. सेक्रेटरी होते ते. मी पुन्हा घेतला. हो, पुन्हा घेतला. माझ्या मागे वत्सलाबाई रडत होती आणि मला तिचाच राग येत होता, की हिला काय झालं रडायला?

एवढं करून हवालदारानं कागदावर लिहायचं ते लिहिलंच. 'पतीचं नाव विचारल्यावर टाळाटाळ करते.' दुसऱ्या दिवशी पोलीस मिलच्या दारात. यांना चालू पाळीतून उठवून नेलं. हात कोपरापर्यंत निळे, तसेच. दिवसभर चौकीत जमिनीवर बसवलं. बायको तुझं नाव का लपवते, आधी कुठे कुठे काम केलं, गावी कुणावर केस आहे का. दोन कानाखाली दिल्या. का, तर बोलताना वर बघितलं म्हणून.

संध्याकाळी घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी पाणी दिलं, घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "पहिल्यांदाच सांगून टाकायचं होतं ना."

आणि सासू दारातून म्हणाली, "लिधं ना नाव? देख आते."

एक म्हणतो लवकर का नाही घेतलं, दुसरी म्हणते घेतलंच का. मी चुलीपुढे बसले आणि माझं डोकं सणकलं. मशीनचं झाकण उडालं तेव्हा मी कुठे नाव घेतलं होतं? तो शेजारचा माणूस मेला, त्याच्या बायकोनं तर जन्मात कधी नाव घेतलं नव्हतं. मला विचारा, मी गेले होते तिच्याकडे. आणि त्या मिलच्या मालकाला कुणी टेबलासमोर उभं केलं? त्याचा फोटो, अंगठा, बापाचं नाव कुणी लिहून घेतलं? माणूस उकडून मेला तरी त्याच्या दारात हवालदार नाही, आणि आमच्या एका गप्प बसण्यावर चौकी हलली. यांच्या आयुष्याला धोका माझ्या जिभेपासून नव्हता. हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि कळल्यावर मी फार वेळ भाकरी थापत राहिले, लागत होत्या त्यापेक्षा जास्त.

चोर सापडला की नाही, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

कार्ड मिळालं. काम चालू राहिलं. लोक विचारतात, तेव्हाच का नाही सोडलं? सोडून जाणार कुठे? चार बंगल्यांची कामं एका कार्डावर होती. पण त्या दिवसानंतर मी सोसायटीची 'गानावाळी' झाले. पोरं सायकलवरून जाता-जाता "भरताची गोडी, भरताची गोडी" ओरडायची. भाभींकडे पाहुण्या आल्या की मला हात पुसून बाहेर बोलवायच्या, "एक वार संभळाव ने," एकदा ऐकव ना. मी म्हणायची, घसा बसलाय. सहा महिने माझा घसा बसलेलाच होता.

दिवाळीनंतर कार्डं बदलायची निघाली. तीच जागा, तोच मांडव. हवालदारही तोच. ऊन कमी होतं म्हणून या वेळी पंखा नव्हता. सेक्रेटरी आता टेबलाशीच बसलेले, हवालदाराच्या शेजारी, आणि त्यांच्या मागे भाभी.

"आवी गई गानावाळी!" हवालदारानं मला बघून टेबलावर थाप मारली. "चाल, धणीनुं नाम?"

"सुकलाल," मी म्हटलं. "लिहा. सुकलाल."

सरळ. सगळ्यांसमोर. मागच्या बायांमध्ये कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.  पण आभाळ काही कोसळलं नाही.

त्याला गंमत पाहिजे होती. "एम नहीं. गाईने." असं नाही, गाऊन.

मी भाभींकडे बघितलं. आणि तीन वर्षांत रोज ऐकलेली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की ही बाई नवऱ्याला हाक कशी मारते? "सांभळो छो?" ऐकलंत का! फोनवर काय म्हणते? "मोनिकाना पप्पा घरे नथी." तीन वर्षांत एकदा, एकदाही तिच्या तोंडून मी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. तिच्या सासूनंही तिला तेच सांगितलं असणार, जे माझ्या सासूनं मला सांगितलं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हटलं, "पहेलां भाभी बोले. एमना धणीनुं नाम."

"शुं?" काय, हवालदारानं विचारलं.

"सोसायटीच्या सुरक्षेसाठी आहे ना? भाभी पण सोसायटीतच राहतात. आधी त्यांनी नाव घ्यावं. मग मी गाते."

सगळे भाभींकडे बघायला लागले. त्यांच्या ओठांवर हसू होतं ते तसंच राहिलं, नुसतं वाळलं. त्यांनी पदर सावरला. नवऱ्याकडे बघितलं, खाली बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची जीभ कुठे अडकली ते त्या सगळ्या मांडवात मला एकटीलाच कळत होतं. क्षणभर मला तिची दया आली. खरंच आली. पण मी थांबले नाही. माझ्यासाठी कोण थांबलं होतं?

"रहेवा दो, बेन," हवालदार चटकन म्हणाला. राहू द्या, ताई. बघा! तिला ताई, आणि राहू द्या.

"लिहा साहेब," मी म्हटलं. "भाभी नाम छुपावे छे. लिहा ना. मला लिहिलं होतं, यांना पण लिहा. आणि उद्या सेक्रेटरी शेठना चौकीत घेऊन जा. दिवसभर खाली जमिनीवर बसवा. वर बघितलं तर दोन द्या."

सेक्रेटरी उभे राहिले. "निकळ!" एवढाच शब्द. माझं जुनं कार्ड टेबलावर होतं, ते त्यांनी उचलून फाडलं. माझा फोटो बरोबर मधून फाटला.

मी निघाले.  गेटच्या बाहेर आल्यावर वॉचमननं सवयीनं माझी पिशवी तपासायला हात पुढे केला. मी विचारलं, "तुझं नाव काय रे?" तो गडबडला. त्यानं नाव सांगितलं आणि हात मागे घेतला.

चारही कामं त्या दिवशी गेली. त्याच आठवड्यात भाभींकडे वत्सलाबाई लागली. तिच्यावर मी राग धरला नाही. थोडा धरला. नंतर मी घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम धरलं, डोळे गेले त्यात, पण गेटवर उभं राहिले नाही पुन्हा.

त्या संध्याकाळी मी ताट वाढलं आणि म्हटलं, "सुकलाल, जेवायला चला." सासू ताटावरून उठून गेली. हे माझ्याकडे बघत ताटावर बसले, जेवले. अजून आहेत. मिलच्या रंगानं खोकतात, पण आहेत.

तेव्हापासून माझा एकच नेम आहे. रेशनच्या खिडकीवर, दवाखान्यात, चौकीत, यादी घेऊन दारात आलेल्या माणसापुढे. जो कुणी पेन काढून माझं नाव विचारतो, त्याला मी आधी त्याचं विचारते. त्याचं नाव, त्याच्या साहेबाचं नाव, आणि कागद कशासाठी आहे ते. चिडतात. खिडकी बंद करतात. एकदा ढकललं होतं मला. मी पुन्हा रांगेत उभी राहते आणि पुन्हा विचारते.

एवढं सगळं सांगितलं, पण माझं नाव तुम्हाला सांगितलेलं नाही. पाहिजे असेल तर आधी तुमचं सांगा. खुर्चीतून उठा, माझ्यासारखं उभं राहा, आणि मग सांगा.