दोन जागी चालू असलेलं मशीन

कामगार दवाखान्यात तिला 'थांबाबाई' म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. कॉम्प्युटर अडकला की माणसं तिच्या खोलीत घुसायची आणि ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायची, "थांबा. कोणी कशाला हात लावू नका." डॉक्टरला तेच, अधीक्षकाला तेच, झाडूवाल्यालाही तेच.

पहिल्याच भेटीत ती माझ्या डोक्यात गेली. खडी क्रशरच्या कामगारांचे श्वासाचे रिपोर्ट घ्यायला मी माणसं घेऊन गेले होते. सगळी खोकत होती. तिने आम्हालाही थांबवलं. मी तोंड सोडलं. ती म्हणाली, "मावशी, ओरडल्याने रिपोर्ट लवकर निघत असेल तर खुशाल ओरडा. मीपण ओरडते तुमच्यासोबत."

संघटना चालवते म्हणून मला सगळेच मावशी म्हणतात, पण असं उलट उत्तर देणारे कमी. मागाहून कळलं, त्या खोकणाऱ्यांत तिचा सख्खा भाऊ होता. तिने त्याला ओळखही दाखवली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "दाखवली असती तर तुम्हीच बोंबलला असता, भावाचं आधी काढलं म्हणून." खरंच बोंबलले असते.

नवऱ्याचं घर सोडून ती भाऊ-वहिनीकडे राहायची. भाऊ उमेदीच्या वयापासून क्रशरवर. त्याच्या कमाईवर हिचा कॉम्प्युटरचा कोर्स झाला आणि हे वहिनी तिला विसरू देत नसे. "तुझ्या त्या कोर्सची धूळ यांच्या छातीत आहे," असं ती भांडी घासता घासता, सहज बोलल्यासारखं बोलायची.

क्रशरची धूळ फुफ्फुसात बसते ती उठत नाही. दवाखान्यात अधूनमधून कामगारांना नळीत फुंकायला लावायचे. फुंकर किती दमाची त्याचा आकडा यायचा. वर्षामागून वर्ष आकडा खाली घसरत गेला, तर आजार कामाने दिला हे सिद्ध होतं आणि मालकाला उपचार करावे लागतात, हलकं काम द्यावं लागतं. एकच आकडा असेल तर वकील उभा राहतो आणि म्हणतो, हा माणूस जन्मतःच अशक्त, शिवाय बिडी ओढतो. हातात मिळालेला कागद कोर्टात चालायचा नाही, दवाखान्यातली नोंदच लागायची. म्हणजे आमची सगळी लढाई त्या जुन्या आकड्यांवर होती. दादाची, म्हणजे तिच्या भावाचीसुद्धा. आणि ते आकडे सांभाळत होती ही, वर्षावर्षाच्या कंत्राटावर.

सांभाळत होती म्हणजे काय, हे तिने मला चहाच्या टपरीवर समजावलं. नोंदणीचं मशीन, औषधांचं मशीन, रिपोर्टचं मशीन असं सगळे बोलायचे, पण हात लावता येतील असे खरे डबे, म्हणजे सर्व्हर, दोनच. एक नव्या इमारतीत, एक रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत. बाकीची मशीनं या डब्यांच्या पोटात राहणारी, बिनशरीराची. त्यांना व्हर्च्युअल म्हणतात. ती म्हणायची 'भाडेकरू'. आज या डब्यात, उद्या त्या डब्यात. भाडेकरूचं सामान मात्र कुठल्याच डब्यात नसतं. त्याची सबंध डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाईल, आणि ती असते तिसरीकडेच, स्टोरेजमध्ये, वायरीच्या दुसऱ्या टोकाला. वायरीत काही बिघडलं की भाडेकरू जागा असतो पण त्याचा हात सामानापर्यंत पोचत नाही. मग पडद्यावर नुसतं चक्र फिरतं आणि लोक म्हणतात सर्व्हर डाऊन.

असं एकदा रोज सकाळी व्हायला लागलं. स्टोरेजवाल्या कंपनीचा माणूस आला, म्हणाला नेटवर्कवाल्यांची चूक. नेटवर्कवाला म्हणाला भाडेकरूंची चूक. भाडेकरूंचं बघणाऱ्या तिसऱ्याने दोघांकडे बोट दाखवलं आणि बिल लावून गेला. ही दोन दिवस नुसती दवाखानाभर फिरली. लोकांना वाटलं, काम चुकवते. शेवटी हिशोबनिसाच्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा प्रिंटर कधी आणला?"

"झाला आठवडा. का, तोही पाडणार का बंद?"

"सकाळी आल्या आल्या चालू करता ना?"

"मग काय पूजा करू त्याची?"

प्रिंटरला ज्याने जोडलं त्याने स्टोरेजचाच पत्ता देऊन ठेवला होता. एका पत्त्यावर दोन घरं. प्रिंटर उठला की रिपोर्टचं मशीन आपलं सामान प्रिंटरकडे मागायचं. हे सापडल्यावर ती तिथेच खुर्चीत बसून खदखदून हसली, आणि हिशोबनिसाने तिची तक्रार केली की बाई टिंगल करतात. गोड बोलणं तिला जमतच नसे. तिचं काहीही रखडलं की कोणी मदतीला धावायचं नाही, त्याचं कारण हेच. रोजची नक्कल, म्हणजे बॅकअप, ठेवायला एकाच प्रतीपुरती जागा होती, म्हणून ती दुसरं स्टोरेज मागून मागून थकली. आजची नक्कल आली की कालची पुसली जायची. अधीक्षक म्हणाले, "तुमचं आधीचं नीट चालतंय ना? मग?"

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी जुन्या इमारतीतल्या डब्याने उत्तर देणं बंद केलं. रिपोर्टचं मशीन त्याच डब्यात होतं. नोंदणीच्या खिडकीवरून ते दिसेनासं झालं. हॉल माणसांनी गच्च, आणि दुसऱ्या दिवशी वरून तपासणी यायची होती. हिने ते मशीन नव्या डब्यात सुरू करायचा प्रयत्न केला. होईना. फाईलला कुलूप होतं.

हे कुलूप महत्त्वाचं. एखादा डबा भाडेकरूला चालवतो तेव्हा त्याच्या सामानापाशी एक छोटी फाईल ठेवतो, की हे माझ्याकडे चालू आहे, दुसऱ्याने हात घालू नये. डबा मेला तर ते कुलूप मागे राहून जातं आणि काढून टाकायला हरकत नसते. पण डबा मेला नसेल, नुसता बोलत नसेल, तर? तर आत मशीन चालूच असतं, लिहीतच असतं. तुम्ही कुलूप काढून दुसरीकडे तेच मशीन सुरू केलं, तर एका वहीत दोन माणसं एकाच वेळी लिहायला बसतात. एकाला दुसरा दिसत नाही. पानंच्या पानं फुकट जातात.

ती म्हणाली, "मी रस्ता ओलांडून बघून येते. तो डबा बंद आहे की नाही, डोळ्यांनी बघायला हवं."

अधीक्षक तिच्या खोलीत येऊन उभे होते. "अहो, उत्तर देत नाही म्हणजे बंदच ना!"

"माझी वहिनीपण कधी कधी उत्तर देत नाही. बंद नसते ती."

"विनोद पुरे. बाहेर लोक काचा फोडतील. काढा ते कुलूप."

"साहेब, थांबा. एवढं..."

"तुमचं थांबा ऐकून घ्यायला मी बसलेलो नाही. जमत नसेल तर तसं लिहून द्या, जमणारा आणतो. कंत्राट संपतच आलंय तुमचं."

तिने काढलं. हे तिने कधी लपवलं नाही, मीही लपवणार नाही. काढलं तिनेच, स्वतःच्या हाताने. मशीन सुरू झालं, हॉलमध्ये टाळ्या पडल्या, अधीक्षकांनी चहा मागवला. ती चहाला थांबली नाही. पळत रस्ता ओलांडून जुन्या इमारतीत गेली तर डबा छान घरघरत होता. नव्या डब्याशी बोलायची त्याची वायर तेवढी तुटली होती. स्टोरेजची वायर शाबूत.

तिने प्लग उपटला. धावत परत आली आणि म्हणाली, हॉल बंद करा, रिपोर्ट तपासू द्या, आणि काही झालं तरी आजची नक्कल होऊ देऊ नका, नाहीतर चांगल्या प्रतीवर घाण बसेल. नक्कल बाहेरच्या कंपनीच्या हातात. तिने फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, तुमच्या अधीक्षकांचा मेल लागेल. अधीक्षक म्हणाले, "चालू आहे ना सगळं? तपासणीच्या आदल्या दिवशी असले मेल पाठवून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

नक्कल झाली. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले नव्या फरशीचं कौतुक करून गेले. मग जुने रिपोर्ट उघडले, तर कोणाच्या नावाखाली कोणाचा आकडा, कुठे नुसती चिन्हं, कुठे काहीच नाही. तिने दिवस दिवस बसून त्यातून काही निघतं का बघितलं. निघालं ते औषधांच्या खोलीचं भाडं आणि कोणाचा तरी मधुमेह. आमची खडीवाली माणसं पार पुसली गेली.

चौकशी बसली. सुनावणीच्या आदल्या दिवशी अधीक्षकांनी तिला बोलावून खुर्ची दिली, जी आजवर कधी दिली नव्हती. म्हणाले, डिस्क गेली असं सांगा. यंत्र आहे, जातं. तुमचं कंत्राट पुढे चालू, भावाच्या केसकडे आपण आपुलकीने बघू.

ती थेट माझ्याकडे आली. मी सांगितलं, डिस्क गेली म्हटलंस तर दोष कोणाचाच नाही, आणि मालकाचा वकील नाचेल. दवाखान्याने हुकूम देऊन कागद बुडवले हे वर आलं, तर आपल्याला कायद्यात धरायला काहीतरी आहे. ती म्हणाली, "मावशी, तुमचं ते काहीतरी नेहमी दुसऱ्याच्या नोकरीवरच उभं असतं." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं.

सांगितलं म्हणजे, सांगू दिलं तेवढं. मी दाराशी उभी होते, ऐकू येत होतं.

"कुलूप कोणी काढलं?"

"मी. पण मला..."

"काढू नये हे माहीत होतं?"

"होतं. म्हणूनच मी साहेबांना..."

"हो की नाही?"

"हो."

"बसा."

मी आत घुसून टेबलावर हात आपटला तर शिपायाने मला बाहेर काढलं. निकाल आला: कंत्राटी कर्मचाऱ्याने माहीत असून छेडछाड केली, दवाखान्याचा संबंध नाही. तिला काढलं. अधीक्षकांची बदली झाली, मोठ्या दवाखान्यात, मोठ्या खुर्चीवर. कामगारांनी नव्याने फुंकावं, पुढच्या काही वर्षांत आकडा उतरतो का पाहू, असा हुकूम. काही वर्षं! माझ्या यादीतली निम्मी माणसं तेवढी टिकतील का, हे त्या हुकमावर सही करणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

आमच्या सभेत तर कहरच झाला. अधीक्षकावर कोणी बोलेना. तो गेला होता, त्याची गाडी गेली होती, शिव्या द्यायला समोर होती ही. "भावाचा गळा कापला हिने," असं एक जण म्हणाला, ज्याच्या रिपोर्टसाठी ती एकदा जेवणावरून उठली होती. मी त्याला बसवलं, जोरात बसवलं. तिने मात्र तोंडाला तोंड दिलं नाही. ते मला जास्त झोंबलं. हीच ती बाई, जी अधीक्षकाला वहिनीवरून सुनावायची. दादा मागच्या रांगेत होता. तो एकदाही म्हणाला नाही की गप्प बसा रे. सभा संपल्यावर तो पुढे निघाला आणि ती मागे, मधे चांगलं अंतर ठेवून.

छेडछाड हा शब्द तिच्या पत्रावर बसल्यापासून कुठलंही ऑफिस तिला मशीनच्या खोलीत शिरू देत नाही. सध्या एका झेरॉक्सच्या दुकानात पानं उलटते.

नव्याने फुंकायची तारीख आली तेव्हा मी दादाला घेऊन दवाखान्यात गेले. ती आपणहून आली, दुकानातून सुट्टी घेऊन. नव्या इमारतीतली गुळगुळीत फरशी, भिंतीवर दात दाखवणाऱ्या कुटुंबाचा फोटो. टेबलामागे नवीन मुलगी. तिने नाव विचारलं, टाइप केलं आणि म्हणाली, "काका, याआधी कधी टेस्ट केलीय का? की पहिलीच?"

"पहिली?" ही उसळली. "अहो, किती वर्षं येतोय तो इथे! प्रत्येक वेळी आकडा खाली. मी स्वतः..."

"ताई, मला स्क्रीनवर काही दिसत नाही."

"दिसणार कसं? तुमच्याच..."

"मी काय करू मग? रिकामं सोडलं तर पुढे जात नाही. काहीतरी भरावं लागेल."

मी तोंड उघडणार होते. दादाने हात वर केला. मला नाही, बहिणीला थांबवायला. चौकशीपासून तो तिच्याशी जेमतेम बोलत होता, आणि आताही तिच्याकडे न बघताच त्याने त्या मुलीला सांगितलं,

"पहिलीच."

मुलीने भरलं. नळी त्याच्या हातात दिली. त्याने छाती भरायचा प्रयत्न केला, खोकला, पुन्हा भरायचा प्रयत्न केला आणि फुंकलं.

"जोरात, काका," मुलगी म्हणाली. "एवढ्याने नोंद होत नाही."