पाद्रीबाबांच्या पेटीची जाळी

सुताराकडे लाकूड कमी आणि माणसं जास्त जमतात. वैरणीच्या गाडीचं चाक दुरुस्तीला आणायचं आणि चाक होईपर्यंत बसून गावाची चाकं ढिली करायची, हा आमच्या कडेगावकडच्या लोकांचा जुना उद्योग. माझ्या शेडमध्ये त्या काळात ऐकलेलं सगळं लिहायचं म्हटलं तर माझं आयुष्य पुरणार नाही. म्हणून फक्त पाद्रीबाबांचं सांगतो. त्यांच्याविषयी आम्हाला पहिल्या दिवसापासून शंका होती, आणि शंका घेण्यात आमचे नाना हवालदार सगळ्यांत पुढे!

*

पाद्रीबाबा आले ते सायकलवरून. अंगात पांढरा पायघोळ झगा आणि दाढी लाल. कुठल्याशा बर्फाच्या देशातून आलेले. गावाबाहेर माळावरच्या दहा घरांनी त्यांचा धर्म घेतला होता. त्या लोकांना गावच्या विहिरीवर कुणी चढू देत नव्हतं. बाबांनी माळावर दोरी लावून जमीन मोजायला घेतली.

नाना पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. म्हणाले, "गणपा, मोजतोय म्हंजे तोफ बसवणार ह्यो!"

तोफ काही आली नाही. निघाली विहीर. महिन्याभरानं नाना तिकडून जाताना तहान लागली म्हणून ओंजळभर पाणी प्यायले आणि तसेच माझ्याकडे आले.

"पानी लय ग्वाड हाय रं," ते म्हणाले. "तवाच मला शंका आली!"

*

मग माळावर बाबांचं देऊळ उभं राहिलं आणि त्यात घंटा बसली. दिवसातून तीनदा वाजायची. नानांनी आठवडाभर वेळा टिपून ठेवल्या. "ही इशाऱ्याची घंटा हाय. पलटणीत असंच असतंय."

इशारा कुणाला आणि कशाचा, ते काही कळेना. पण गावातल्या बायका दुपारच्या घंटेला चुलीवर तवा ठेवायला लागल्या. एके दिवशी संध्याकाळची घंटा वाजलीच नाही. नाना तणतणत माळावर गेले. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार!

नाना बाबांना म्हणाले, "आवं, घंटा न्हाई, माझा च्या ऱ्हायला की!"

*

बेचाळीस साल उजाडलं आणि सगळ्याच शंका महाग झाल्या. माझा धाकटा भाऊ शिवा तारा तोडून फरार झाला. फौजदार दर दोन दिवसांनी येऊन माझं शेड उलटंपालटं करायचा. अशा दिवसांत पाद्रीबाबांनी मला बोलावून एक कागद दिला. पेटी करायची होती. माणूस बसेल एवढी, मध्ये फळी, फळीला जाळी. एका बाजूला बाबा बसणार, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकून आपल्या चुका सांगणार.

"त्या चुका आपण कुणाला सांगता?" मी विचारलं.

"कुणालाही नाही. राजालासुद्धा नाही," बाबा पुस्तकी मराठीत म्हणाले.

शेडमध्ये हे सांगितल्यावर नाना खो खो हसले. "चुका सांगायला पेटी कशाला लागतीया? आपल्यात दुसऱ्याच्या चुका पारावर सांगत्यात की! आरं, ही बातम्या गोळा करायची पेटी हाय."

मी हसलो नाही. शिवा कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

तरी पेटी केली, पैशाची गरज होती. पण डोकं ठिकाणावर नसल्यानं कागदावर बाबांच्या उजवीकडे असलेली जाळी मी डावीकडे केली. बाबांनी आत बसून बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "असू द्या."

*

नानांनी परीक्षा घ्यायची ठरवली. ते त्या धर्माचे नव्हते, तरी जाऊन पेटीत गुडघे टेकले आणि कुजबुजले, "मंगळवारी दुपारी फरारी पोरं औंधाच्या वाटंवर, वडाखाली जमनार हायती."

मंगळवारी आम्ही दोघं उसात बसून त्या वडावर नजर ठेवली. उसाच्या पात्यांनी अंग कापून घेतलं, पण दिवस मावळेपर्यंत एकही पोलीस फिरकला नाही. मला जरा बरं वाटलं.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "खोटं हाय ते वळखलं त्यानं. लय बेरकी!"

*

पुढच्याच आठवड्यात शिवा एका बंद गुऱ्हाळात हिवतापानं फणफणला. आईनं अन्न सोडलं. डॉक्टरला नेलं तर पोलीस, न नेलं तर पोरगं जातंय. त्या तापावरचं औषध, कोयनेल, फक्त पाद्रीबाबांकडे होतं.

मी माझ्याच हातच्या पेटीत गुडघे टेकले. सगळं सांगितलं. शिवाचं नाव, गुऱ्हाळ, ताप. मग बाबा म्हणाले, "शांतीने जा."

बाहेर माळावरच्या दहा घरांतल्या रखमाबाई देऊळ झाडत होत्या. म्हणाल्या, "आवं गणपतराव, डाव्या अंगानं बोलू नगासा. त्यांचा त्यो कान गेलाय."

मला रडूच आलं. जिवावर उदार होऊन सांगितलं, ते बहिऱ्या कानाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन गुऱ्हाळात गेलो. शिवाच्या उशाला कोयनेलची बाटली होती.

नानांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "औषध आलं म्हंजे मागनं पोलीस येनार. हलीव त्याला!" आम्ही शिवाला हलवलं.

*

पोलीस आलेच, पण चार दिवसांनी आणि देवळात. मला पेटीतून निघताना कुणीतरी पाहिलं होतं. फौजदारानं मला, नानांना आणि रखमाबाईंना उभं केलं.

"ह्या सुतारानं पेटीत काय सांगितलं?" त्यानं बाबांना विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"सांगावं लागेल! नाहीतर उद्या तुम्हाला तुमच्या देशात धाडतो."

मला वाटलं, आता मीच बोलावं. माळावरची दहा घरं माझ्यापायी उघडी पडायला नकोत. तेवढ्यात रखमाबाई पुढे झाल्या. "सायेब, जाळी डाव्या अंगाला हाय. बाबांचा डावा कान बहिरा हाय. काय ऐकनार त्ये?"

फौजदारानं बाबांना पेटीत बसवलं आणि जाळीपाशी तोंड नेऊन ओरडला. बाबांची पापणी हलली नाही. मग त्यानं जाळीवर काठी आपटली. बाबा समोरच्या भिंतीकडे शांतपणे बघत राहिले.

फौजदार माझ्यावर उखडला. "गाढवा, बहिऱ्या कानाकडं जाळी करतोस? सुतार हायस का कोन?"

"चुकलं, सायेब," मी म्हणालो.

शिव्या देत तो निघून गेला. बाबा अजून पेटीतच बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो, "उद्याच जाळी उजवीकडं करून देतो."

"नको," बाबा म्हणाले. "असू द्या."

नाना बाबांच्या डाव्या बाजूला, जाळीपाशी उभे होते. मान खाली घालून, माझ्याही कानावर जेमतेम पडेल अशा आवाजात ते पुटपुटले, "कायबी म्हना, मानूस लय बेरकी हाय."

भिंतीवरची नजर न काढता पाद्रीबाबा म्हणाले, "नाना, आता घंटा होईल. चहाला जा."